ऑस्ट्रेलियाचं लपलेलं गिधाड

२००९ च्या ऑगस्टमध्ये आई आणि अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे अ‍ॅडलेडला आले. घरी आई-वडील आले की दर शनिवार-रविवारी त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. समुद्र दाखवून झाला. वाइनच्या बागा दाखवून झाल्या, त्यांत अण्णांना काडीचा रस नव्हता. मग फ्लिंडर्स रेंजेसला जायचं ठरलं. अ‍ॅडलेडहून उत्तरेला निघालं आणि क्वॉर्न गाव मागे पडलं की रस्ता एकदम रिकामा होतो. दोन्ही बाजूंना तांबडी माती, खुरटी झुडपं आणि रस्त्याच्या कडेला मेलेले कांगारू. रात्री दिव्यांच्या उजेडाने बावचळून गाड्यांखाली आलेले. काही ताजे, काही फुगलेले, काहींचं नुसतं कातडं आणि बरगड्या.

अण्णा ते मोजत होते, हे मला हॉकर जवळ आलं तेव्हा कळलं. "सव्वीस," ते एकदम म्हणाले. थोडं पुढे एका मेलेल्या कांगारूवर एक प्रचंड पक्षी बसला होता. मी गाडी हळू केली. अंगभर काळपट तपकिरी, पायांवर बोटांपर्यंत पिसं, आणि उडाला तेव्हा पाचरीच्या आकाराची शेपटी. वेज-टेल्ड ईगल, इथला सगळ्यात मोठा शिकारी पक्षी. आई म्हणाली, "केवढा गरुड!" अण्णा म्हणाले, "गरुड ठीक आहे. गिधाडं कुठायत?"

मी म्हटलं, "इथे गिधाडं नसतात, अण्णा. कधीच नव्हती."

"असं कसं? एवढी जनावरं मरतात, आणि खायला कोणी नाही?"

मी काहीतरी उत्तर दिलं. वेगळा खंड, चहूकडे समुद्र, इथे वाघ नाही, माकड नाही, तसंच गिधाडही नाही. अण्णांनी मान हलवली आणि विल्पीनापर्यंत ते पुन्हा फारसं बोलले नाहीत. का, ते पुढे सांगतो.

माझं उत्तर अगदीच वेडगळ नव्हतं. अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया सोडून सगळ्या खंडांवर गिधाडं आहेत, असं तेव्हाच्या कुठल्याही पक्ष्यांच्या पुस्तकात मिळालं असतं. तुमच्यापैकी जे अमेरिकेत आहेत त्यांनी हायवेवर घिरट्या घालणारी, लाल डोक्याची टर्की व्हल्चर पाहिली असतील. स्पेनला जाऊन आलेल्यांनी तिथल्या कड्यांवरची ग्रिफन पाहिली असतील. जाता जाता एक सांगतो. अमेरिकेतली गिधाडं आणि आपली गिधाडं दिसायला भावंडं वाटतात, पण घराणी वेगळी. आपली गिधाडं गरुड-घारींच्या कुळातली. अमेरिकेतली वेगळ्या कुळातली, तिथे मढी खाता खाता तशीच घडत गेलेली. टर्की व्हल्चरला वासावरून मढं सापडतं. आपल्या गिधाडाला वासाचं फारसं कळत नाही, त्याचं सगळं काम डोळ्यांवर चालतं.

तर ऑस्ट्रेलियात गिधाडं कधीच नव्हती हे मी सांगितलं, ते चूक होतं. आणि ते चूक असल्याचा पुरावा तेव्हा एका संग्रहालयात शंभरहून जास्त वर्षं पडून होता. फक्त त्याच्या चिठ्ठीवर 'गरुड' असं लिहिलं होतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आयर सरोवर आहे, आता त्याला काटी थांडा-लेक आयर असं जोडनाव आहे. या सरोवराला येऊन मिळणाऱ्या वॉरबर्टन नावाच्या, बहुतेक काळ कोरड्याच असणाऱ्या नदीकाठी कालामुरिना नावाचा जनावरांचा रँच होता. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जे. डब्ल्यू. ग्रेगरी हे भूगर्भशास्त्रज्ञ या भागात उंटांवरून फिरले आणि बरीच जीवाश्म हाडं घेऊन आले. त्यांतली पक्ष्यांची हाडं चार्ल्स डी व्हिस यांनी तपासली. डी व्हिस मूळचे इंग्लंडमधले पाद्री. ऑस्ट्रेलियात येऊन ते ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड म्युझियमचे प्रमुख झाले होते. पंखाच्या हाडाच्या एका तुकड्यावरून १९०५ साली त्यांनी एक नामशेष पक्षी जाहीर केला, 'टाफाएटस लासेर्टोसस'. नावाचा अर्थ साधारण 'थडग्यातला बलवान गरुड' असा. वेज-टेल्ड ईगलचा कुणीतरी जुना नातेवाईक असावा, असा त्यांचा समज झाला.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हाडाचा एवढासा तुकडा, हाताशी तुलनेसाठी असलेली हाडं थोडी, आणि देशात गिधाड नाही हे सगळ्यांनाच ठाऊक. जे असूच शकत नाही ते कोण शोधेल? नंतर अधूनमधून काही अभ्यासकांना शंका आली, पण तुकडा तुकडाच राहिला.

ही चिठ्ठी बदलली २०२२ साली. अ‍ॅडलेडच्याच फ्लिंडर्स विद्यापीठातल्या एलन मॅथर, त्यांचे मार्गदर्शक ट्रेव्हर वर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तुकड्याबरोबर इतर ठिकाणची हाडं ठेवली. न्यू साउथ वेल्समधल्या वेलिंग्टन गुहांमधली, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात नलरबॉरच्या सपाट पठाराखाली असलेल्या एका गुहेतली. त्यांत पायाचं हाड होतं, आणि पायाच्या हाडाने उत्तर दिलं.

तुम्ही गरुडाचा पाय जवळून पाहिला आहे का? गरुडाचं खरं शस्त्र चोच नसून पाय आहे. भक्ष्य पकडायचं, आवळायचं, नखं आत घुसवायची आणि ते मरेपर्यंत सोडायचं नाही, हे सगळं पायाने. म्हणून बोटांच्या वर जे उभं हाड असतं त्याच्यावर दणकट स्नायू आणि कंडरा बसायला खाचा आणि उंचवटे असतात. गिधाडाला हे काहीच लागत नाही. त्याचं भक्ष्य पळत नाही. त्याला मढ्यापर्यंत उड्या मारत जायचं असतं, भाऊबंदांच्या धक्काबुक्कीत पाय रोवून उभं राहायचं असतं आणि मानेच्या जोराने मांस ओढायचं असतं. या जीवाश्मातलं पायाचं हाड मारणाऱ्याचं नव्हतं, उभं राहणाऱ्याचं होतं. म्हणजे गिधाड. नवं नाव पडलं 'क्रिप्टोगिप्स लासेर्टोसस'. क्रिप्टो म्हणजे लपलेलं, गिप्स म्हणजे गिधाड.

मला ही बातमी वाचताना जटायू आठवला. वाल्मीकी त्याला स्वच्छ शब्दांत गिधाड म्हणतात, गृध्रराज. पण आपल्या कॅलेंडरांवरचा आणि मंदिरांच्या भिंतींवरचा जटायू बघा. डोक्यावर भरघोस पिसं, बाकदार चोच, रुबाबदार नजर. चित्रकाराने त्याचा गरुड करून टाकलेला असतो. सीतेसाठी प्राण देणारा पक्षी टकल्या, लांब मानेचा, मढी खाणारा असेल हे मनाला पटत नाही. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळच्या टाकेदला जटायू पडला अशी श्रद्धा आहे, लोक तिथे भक्तीने जातात. आणि तेच आपण कुणाला शिवी द्यायची झाली की 'गिधाड' म्हणतो. तेंडुलकरांच्या १९७० साली रंगमंचावर आलेल्या नाटकाचं नाव 'गिधाडे' आहे. ते पक्ष्यांबद्दल नाही, हे वेगळं सांगायला नको.

हे लपलेलं गिधाड आलं कुठून आणि खात काय होतं?

आज गिधाडांची पूर्वेकडची हद्द आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीवर संपते. इंडोनेशियाच्या बेटांवर गिधाड नाही. पण फ्लोरेस बेटावरची लिआंग बुआ गुहा तुम्हाला आठवत असेल, जिथे जेमतेम एक मीटर उंचीच्या माणसांची हाडं सापडली आणि वर्तमानपत्रांनी त्यांना 'हॉबिट' म्हटलं. त्याच गुहेत बुटक्या हत्तींच्या, म्हणजे स्टेगोडॉनच्या हाडांबरोबर एका गिधाडाची हाडंही मिळाली आहेत. म्हणजे मोठी जनावरं होती तोवर गिधाडं बेटांवरही पोचलेली होती. क्रिप्टोगिप्सचे पूर्वज नेमक्या याच वाटेने आले असं मी म्हणत नाही, पण समुद्र ही तेव्हा गिधाडांची लक्ष्मणरेषा नव्हती एवढं नक्की.

आणि ऑस्ट्रेलियात खायला काय नव्हतं! डिप्रोटोडॉन नावाचा वॉम्बॅटचा एक चुलता होता, गेंड्याएवढा, सुमारे पावणेतीन टनांचा. आखूड तोंडाचा प्रोकॉप्टोडॉन कांगारू होता, दोनशे किलोंच्या वर वजनाचा. न उडणारा गेन्यॉर्निस पक्षी होता. मारणारेही होते, थायलाकोलिओ हा पोटपिशवीवाला 'सिंह', आणि आपल्या घोरपडीच्या कुळातली, मगरीला लाजवेल अशी एक घोरपड. फ्लिंडर्स रेंजेसच्या पूर्वेला लेक कॅलाबोना आहे. १८९३ साली साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या लोकांनी तिथे खणलं, तेव्हा चिखलात रुतून मेलेल्या डिप्रोटोडॉनांचे सांगाडे निघाले, काही तर जणू उभ्या उभ्या रुतलेले. ती जागा बरोबर ओळखून गोऱ्यांना सांगणारा माणूस आदिवासी होता, हे सहसा कुणी सांगत नाही. आता कल्पना करा, असा एक पावणेतीन टनांचा प्राणी चिखलात अडकून मेला आहे. ते मांस कोणी संपवायचं?

आमच्या त्या रस्त्यापासून फार लांब नसलेल्या मेअर्स गुहेत आणखी एक नवल निघालं. पन्नास-साठच्या दशकात गुहा धुंडाळणाऱ्या हौशी लोकांना तिथे एका मोठ्या पक्ष्याची चार हाडं मिळाली होती. ती कुठेतरी ठेवली गेली आणि विसरली गेली. फ्लिंडर्सची मंडळी पुन्हा त्या गुहेत उतरली आणि दगडांच्या फटींतून त्यांनी त्याच पक्ष्याची आणखी अठ्ठावीस हाडं काढली. २०२३ मध्ये त्याला 'डायनाटोएटस गाफाई' हे नाव मिळालं. तो खरोखरचा शिकारी होता, पंखांचा विस्तार तीन मीटरपर्यंत असलेला. गंमत अशी की त्याचंही जवळचं नातं आफ्रिका-आशियातल्या गिधाडांच्या घराण्याशीच निघालं. म्हणजे तुमच्या-माझ्या ऑस्ट्रेलियाच्या आकाशात एकेकाळी गिधाडांच्या घराण्यातला मारणाराही होता आणि मेलेलं खाणाराही.

मग सगळे गेले. साधारण चाळीस-पंचेचाळीस हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास इथली ही अजस्र जनावरं नाहीशी झाली. माणसं त्याच्या आधीच आलेली होती. शिकारीमुळे आणि आगींमुळे गेली की हवामान कोरडं होत गेल्यामुळे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, आणि माझ्यासारख्याने त्यात न पडलेलं बरं. गिधाडाचं मात्र सरळ आहे. जनावरं गेली, तसं ताट गेलं. अमेरिकेतही मोठी जनावरं संपली तेव्हा बहुतेक ठिकाणचे कॉन्डर संपले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तेवढे टिकले, कारण तिथे वाहून आलेले देवमासे आणि सील होते. ऑस्ट्रेलियातल्या गिधाडाला असा आधार मिळाला नसावा. वेज-टेल्ड ईगल तगला, कारण तो मढ्यावर बसतो तसा सशाच्या मागेही धावतो. तो दोन्ही धंदे करतो.

या दोन धंद्यांपायी त्याचेही हाल झाले. मेंढपाळाला मेलेल्या कोकरावर गरुड दिसायचा, आणि तो म्हणायचा यानेच मारलं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की बहुतेक कोकरं आधीच मेलेली किंवा मरायला टेकलेली असतात. तोवर उशीर झाला होता. पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने १९२८ ते १९६८ या चाळीस वर्षांत मारलेल्या सुमारे १ लाख ४७ हजार गरुडांचं बक्षीस वाटलं. क्वीन्सलंडने १९५१ ते १९६६ मध्ये सुमारे १ लाख ६२ हजारांचं. मारलेले गरुड कुंपणाच्या तारांवर ओळीने पंख पसरून टांगायची रीत होती, तसे जुने फोटो आहेत. हे सगळं मागचं आहे असं वाटत असेल तर, २०१८ मध्ये व्हिक्टोरियात एका शेतमजुराला चारशेहून जास्त गरुड विषाने मारल्याबद्दल शिक्षा झाली. चौदा दिवसांची.

ऑस्ट्रेलियात सफाईची आणखी एक फळी अपुरी पडली होती, तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण गुराढोरांच्या घरातला असल्यामुळे मला ती फार आवडते. १७८८ मध्ये इंग्रजांनी गाई आणल्या, पण शेण खाणारे किडे आणले नाहीत. इथल्या किड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईच्या पो तशाच वाळून पडायच्या, त्यांखाली गवत मरायचं आणि माश्यांचे ढग उठायचे. शेवटी हंगेरीहून आलेल्या जॉर्ज बोर्नेमिस्सा यांच्या आग्रहावरून सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९६० च्या दशकाच्या शेवटापासून आफ्रिकेतून आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडले. शेणकिडे आणता येतात. गिधाडं आणता येत नाहीत, निदान कुणी आणली नाहीत.

आता अण्णा त्या दिवशी गप्प का झाले, ते सांगतो.

अण्णा रायगड जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक होते. म्हसळा, माणगाव, महाड या तालुक्यांत त्यांची नोकरी झाली. लोक डॉक्टरच म्हणायचे. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, आमच्या गावच्या आंब्यांवर आणि माडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी असायची. विष्ठेने झावळ्या पांढऱ्या होतात आणि माड धरत नाही म्हणून लोक कुरकुरायचे. लांब चोचीची गिधाडं कड्यांवर, पार रायगडाच्या बाजूला. गावाबाहेर ढोरं टाकायची जागा होती. तिथे नवं ढोर पडलं की आधी एक गिधाड उतरायचं, मग कुठूनशी दहा, मग चाळीस. आकाशात एकमेकांपासून लांब लांब राहून ती एकमेकांवर लक्ष ठेवून असतात. एक खाली वळलं की शेजारचं वळतं, ते बघून त्याच्या पलीकडचं. त्यामुळे खाणावळीची बातमी मैलोगणती पसरते. गिधाडं कमी झाली की ही बातमीसुद्धा तुटते, हे मला फार उशिरा कळलं. मोठा थवा असला तर तासाभरात गाईचा सांगाडा उरायचा. डोकं-मान उघडी असल्यामुळे पिसं बरबटत नाहीत आणि अंगातली उष्णताही सांभाळता येते. पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडलेल्या मांसानेही त्यांना काही होत नाही. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेलं जनावर ती निर्धास्त खातात.

या आठवणी आपण परदेशात बसून फार गोड करून सांगतो. गिधाडं होती तेव्हा गाव कसं स्वच्छ होतं, वगैरे. पण ढोर गोठ्यातून त्या जागेपर्यंत आपोआप जात नव्हतं. ते ओढून नेणारी, सोलणारी माणसं ठरलेली होती, जातीने ठरलेली. मेलेल्या ढोराला त्यांच्या बोलीत 'पड' म्हणत. गिधाडांच्या आधी पोचून आपल्या वाट्याचं मांस काढायची वेळ त्यांच्यावर आली, हे दलित आत्मकथनांतून आपल्यासारख्यांना कळलं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं लोकांना सांगितलं, ते याच महाडात, जिथे पुढे माझे वडील बैलांना इंजेक्शनं देत हिंडले. त्यामुळे गिधाडांसाठी हळहळताना मी त्या जुन्या व्यवस्थेसाठी हळहळत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, आणि आमच्या गावच्या गप्पांत त्या नेहमी एक होतात.

नव्वदीच्या दशकात जनावरांसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन बाजारात आलं. माणसांच्या सांधेदुखीला देतात तेच औषध. स्वस्त, आणि लगेच गुण येणारं. बैल लंगडतोय, द्या. गाईची कास सुजली, द्या. म्हातारं जनावर उठत नाही, द्या, निदान दुखणं तरी कमी होईल. अण्णांनी ते किती जनावरांना दिलं असेल याचा हिशेब नाही. लोक दुवा द्यायचे. त्यांतली काही जनावरं तरीही मरायची, आणि गावाबाहेर टाकली जायची.

१९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड हा जगातला कदाचित सर्वांत जास्त संख्येचा मोठा शिकारी पक्षी असावा, असं मानलं जात होतं. राजस्थानात भरतपूरला विभू प्रकाश यांना नव्वदीत दिसलं की घरटी रिकामी पडताहेत, गिधाडं माना टाकून बसताहेत आणि झाडावरून खाली पडताहेत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक एवढीही उरली नाहीत. लांब चोचीची शंभरातली तीनेक उरली. कीटकनाशक असेल, विषाणू असेल असे तर्क झाले. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून कारण दाखवलं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर काही दिवसांत मेलं, तर त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जातं. गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर चढतो. सगळीच मढी विषारी असायची गरज नव्हती. शंभरात एकाहूनही कमी मढी अशी असली तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असं गणित निघालं. एकेका मढ्यावर चाळीस गिधाडं बसतात म्हणून. आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. भर पडायची कुठून?

मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला, आणि त्यांना सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांचा आधार घ्यावा लागला. गावांत मढ्यांवर कुत्री आली. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडं असलेले आणि नसलेले जिल्हे ताडून पाहिले. त्यांचा अंदाज असा की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली. अंदाजच आहे, पण आकडा वाचून मी लॅपटॉप बंद करून बाहेर जाऊन आलो.

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. अण्णा त्याच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाले होते. त्यांना कारण कळलं ते वर्तमानपत्रातून. आई सांगते, त्यांनी ते पान घडी करून टेबलाच्या खणात ठेवलं आणि कुणाशी बोलले नाहीत. तीन वर्षांनी हॉकरच्या रस्त्यावर त्यांनी मला जे विचारलं ते कुतूहल नव्हतं. मी म्हटलं इथे कधीच नव्हती, तेव्हा त्यांना बहुधा थोडं हायसं वाटलं असावं. निदान एक देश असा, की जिथे कुणी काही केलेलं नाही.

२०२२ मध्ये क्रिप्टोगिप्सची बातमी आली तेव्हा मी त्यांना फोन केला. म्हटलं, अण्णा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. इथेही होती.

"कशाने गेली?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"खायला उरलं नाही म्हणून. मोठी जनावरं संपली."

ते जरा थांबले. "म्हणजे तुमची उपाशी मेली. आमची खाऊन मेली."

मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं. हे खरंच आहे आणि त्याचा उपयोग काही नाही. तुमच्या घरातही अशी एखादी गोष्ट असेल, की जी आई-वडिलांनी चांगल्या हेतूने केली आणि आता तिच्याविषयी फोनवर काय बोलावं ते कळत नाही.

बंदीनंतर मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध आलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बंद करून ३ मिलीचीच कुपी ठेवली. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडलं. हरियाणात पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये विदर्भात पेंच आणि ताडोब्याला आणली. कोकणात, म्हसळ्याजवळच्या चिरगावला, महाडच्या सीस्केप संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि गावकरी कितीतरी वर्षं पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी राखताहेत. मेलेली ढोरं, औषध दिलेलं नाही याची खात्री करून, ठरल्या जागी त्यांच्यासाठी टाकतात. याला मराठीत चक्क 'गिधाड उपाहारगृह' म्हणतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यातून गेलं आणि माड, आंबे, सुपाऱ्या मुळासकट आडव्या झाल्या. झाडं नसली तर घरटी कुठे? तरी पक्षी टिकून आहेत, थोडे.

अण्णा आता ऐंशीकडे झुकले आहेत. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी एकदा त्यांना डायक्लोफेनॅकच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. माणसाने घेतल्या तर गिधाडाला काही होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, पण घेतल्या नाहीत.

परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी मध्येच फोन फिरवला आणि समोरच्या वाडीतला एक उंच माड दाखवायला लागले. "शेंड्याच्या डावीकडे बघ," ते म्हणत होते. "मागच्या आठवड्यापासून येऊन बसतंय. एकटंच आहे. वाडीवाल्याला सांगितलंय, हाकलू नको म्हणून, नारळाचे पैसे मी देतो." हात हलत होता, ऊन समोरून येत होतं, मला झावळ्यांमध्ये फक्त एक काळा ठिपका दिसला, तोही बहुतेक नारळाचा घड असावा.

"दिसलं का?"

दिसलं, मी म्हटलं.